श्रीलंकेचा उठावाचा नकाशा: डोंगर बरोबर, वारा अर्धाच

मेन रोडवरच्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानात श्रीलंकेचा फायबरचा उठावाचा (डोंगर-दऱ्या उंचसखल दाखवणारा) नकाशा मिळतो. शाळेच्या भूगोल खोलीसाठी घ्यायला हरकत नाही, पण एक दुरुस्ती करूनच भिंतीवर लावा.

प्रमाण १ सेंमीला १० किमी. सुमारे ४३५ किमी लांबीचं बेट ४४ सेंमीत बसतं. याच प्रमाणात पिदुरुतलागला हे २५२४ मीटरचं सर्वोच्च शिखर जेमतेम अडीच मिलिमीटर भरलं असतं, म्हणून उंची दहापट वाढवली आहे. ते योग्यच, फक्त तसं नकाशावर छापायला हवं होतं, नाहीतर पोरांना तो हिमालय वाटतो.

नकाशा आडवा ठेवून मधल्या डोंगरावर फवाऱ्याने पाणी मारा. केलानीचं पाणी पश्चिमेला कोलंबोकडे उतरतं, महावेलीचं वळसा घालून ईशान्येला त्रिंकोमालीकडे जायला हवं. इथे ते कँडीजवळच तुंबतं, कारण दरीत हिरवा रंग थापला गेलाय. कटरच्या टोकाने खरवडला की वाट मोकळी होते.

खरी चूक वाऱ्याची. नैऋत्येचा एकच बाण दिलाय आणि डोंगरापलीकडचा सगळा भाग वाळवंटासारखा पिवळा. मे ते सप्टेंबरपुरतं हे ठीक आहे: इगतपुरीला धो धो आणि सिन्नरला कोरडं, तोच प्रकार. पण डिसेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून येतो, आणि पूर्व किनाऱ्याचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीतच पडतो. ‘कोरडा विभाग’ म्हणतात त्यातल्या बऱ्याच भागात वर्षाला १२०० ते १७५० मिमी पडतो, म्हणजे नाशिक शहराहून कितीतरी जास्त! तो थोडक्या महिन्यांत उरकतो आणि पुढे महिनोन् महिने ऊन. म्हणून तर पोलोन्नरुवाला बाराव्या शतकात पराक्रम समुद्रासारखं प्रचंड तळं बांधावं लागलं. नकाशावर त्या तळ्याचा ठिपकाही नाही.

निळ्या कार्डशीटचा दुसरा बाण कापून ईशान्येला चिकटवा, त्यावर महिने लिहा. दहा रुपयांचं काम.

त्याच दुकानात पीओपीचा स्वस्त नकाशाही आहे. तो नको: पाणी मारलं की रंग फुगतो, आणि पावसाळ्यात दमट भिंतीवर पोपडे निघतात. फायबरचा घेतानाही उत्तरेकडचं जाफन्याचं टोक बोटाने हलवून बघा. पॅकिंगमध्ये पहिली चीर तिथेच जाते.