शुद्ध चांदीची म्हणून ४२,००० ची हेडफोन केबल घेतली, आत निघालं तांबं

गेल्या दिवाळीच्या आधी मी सांगलीत एका माणसाकडून हेडफोनची केबल घेतली, ४२,००० रुपयांची, शुद्ध चांदीची म्हणून. ती चांदीची नव्हती. पण मला नुसतं तेवढंच सांगायचं नाहीये. चांदी-तांब्याचं येईलच पुढं, त्याच्या आधी माझे कान कसे फसवले ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण धातू सराफाकडं नेऊन तपासता येतो, पण आपण जे ऐकलं तेच खोटं ठरलं हे कळायला मला सात महिने लागले. हेडफोनचा नाद आहे त्यांनी जरा वेळ काढून वाचा.

मी मिरजेचा. वडील सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यांच्या दुकानात कामाला होते, जवारी लावायचे. शाळेतून आलो की मी तिथंच बसलेला असायचो. घोडीवर कानस फिरवायची, तारेखालचा दोरा केसभर पुढं-मागं सरकवायचा आणि एका जागी आला की तंबोरा एकदम उघडतो, नुसता टणटण करणारा आवाज गुंजायला लागतो, ते मी शेकडो वेळा ऐकलंय. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं तिथंही वडिलांच्या मांडीवर बसून रात्री काढल्यात. हे सांगायचं कारण म्हणजे माझ्या कानावर माझा फार विश्वास होता आणि त्या माणसानं नेमका तोच पकडला.

माझ्याकडं सेनहायझर एचडी ६५० हा हेडफोन आहे, २००३ ला आलेलं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलं. ३०० ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असल्यामुळं मोबाईलला नीट वाजत नाही म्हणून एक छोटा डॅक-अँपही घेतला, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करून तो वाढवणारा डबा, त्याला एक साधं आउटपुट आणि एक ४.४ एमएमचं बॅलन्स्ड, ते काय असतं ते पुढं येईल. मी त्यात खूष होतो. या हेडफोनमध्ये गाणारा जवळ बसल्यासारखा वाटतो, आवाजात ऊब आहे, आणि जुन्या तबकड्यांवरून केलेल्या रेकॉर्डिंगची खरखर तो टोचू देत नाही. १९३७ च्या आधीचा खाँसाहेबांचा आवाज मी यावर तासन् तास ऐकू शकतो.

तर विश्रामबागला एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये लिसनिंग सेशन आहे असं एका ओळखीच्याकडून कळलं. माणूस बाहेरगावचा, बोलायला गोड, सोबत महागातले हेडफोन घेऊन आलेला. आम्ही दहा-बाराजण होतो. सेनहायझरचाच महागडा एचडी ८०० एस मी तिथं पहिल्यांदा कानाला लावला आणि खरं सांगतो, तो अनुभव खोटा नव्हता. तंबोरा डोक्याच्या बाहेर हातभर लांब वाजतोय, तबला वेगळ्या जागी, मधे मोकळी जागा आहे असं वाटतं. जुनं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा खरखर मात्र अंगावर आली. मग एक प्लेनार, म्हणजे मोठ्या सपाट पातळ पडद्याचा हेडफोन ऐकला, खर्ज इतका स्वच्छ मी कधीच ऐकला नव्हता. हेडफोन-हेडफोनमधला फरक खरा असतो, तो कुणालाही ऐकू येतो, आणि त्यामुळंच पुढचं सगळं मला खरं वाटलं. पहिला तासभर त्यानं खरा माल दाखवला.

मग म्हणाला, तुमचा ६५० आणलाय का सर, द्या. आधी त्याच्या मूळ केबलवर ऐकवलं, साध्या आउटपुटला. मग हेडफोन काढून घेतला, दोन्ही बाजूच्या पिना काढल्या, त्याची पांढरी चमकणारी आठ पेडांची वेणी घातलेली केबल लावली आणि बॅलन्स्डमध्ये खुपसली. मिनिटभर तरी गेलं असेल. आणि मोठ्यानं म्हणाला, "व्हॉल्यूमला मी हात लावत नाही हां, सगळ्यांनी बघा." खरंच लावला नाही. मी डोळे मिटून ऐकलं आणि काय सांगू, तंबोऱ्याची जवारी उघडल्यासारखी झाली! खर्ज भरला, वरचे स्वर मोकळे झाले, गायकाचा श्वास ऐकू यायला लागला. मी डोळे उघडले तर तो म्हणाला, "तुम्ही मिरजेचे ना, तुमच्या कानाला मी काय समजावणार." बाकीचे माझ्याकडं बघत होते. माझ्यानंतर जे जे ऐकायला बसले त्यांच्यातल्या एकानंही मला काही फरक वाटला नाही असं म्हटलं नाही. नंतर त्यातल्या दोघांशी बोललो, ते म्हणाले आम्हाला नीटसं कळलंच नव्हतं पण तुम्ही एवढं सांगितल्यावर आम्ही काय बोलणार. हे ऐकल्यावर मला झोप लागली नाही, कारण त्यातल्या एकानं माझ्या शब्दावर केबल घेतली होती.

किंमत ४५,०००, जुनी केबल दिली तर ३,००० कमी. मला तेव्हा ही सूट वाटली. आता कळतंय की जुनी केबल घेऊन गेल्यामुळं घरी तुलना करायला माझ्याकडं काही राहिलंच नाही. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी लागेल, उगाच १८ टक्के कशाला घालवता. पैसे यूपीआयनं एका माणसाच्या नावावर गेले. सोबत एक छापील कार्ड दिलं, प्युअर सिल्व्हर, २६ गेज (तारेची जाडी), आठ वायरी, दीड मीटर, आणि खाली लिहिलेलं की केबल २०० तास वाजवल्याशिवाय पूर्ण उघडत नाही, तोपर्यंत मत बनवू नका. त्याच कार्डावर पसंत नसेल तर सात दिवसांत परत. आता हिशोब करा, २०० तास म्हणजे रात्रंदिवस सलग वाजवलं तरी आठ दिवसांच्या वर जातं. म्हणजे त्याच्याच सांगण्यानुसार केबल ऐकण्यालायक होईपर्यंत परत करायची मुदत संपलेली. मी ते कार्ड कितीदा वाचलं असेल पण हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघितले नाहीत.

मे महिन्यात उजवा कान बंद पडायला लागला, वायर हलवली की येतोय-जातोय. आमच्याकडं रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडं नेली. पिनेजवळ वायर तुटलेली, त्यांनी कापून परत सोल्डर करायला घेतली आणि ब्लेडनं कव्हर सोलून भिंगाखाली धरली. मला बोलावून म्हणाले, "हे बघ रं, वरनं पांढरं, कापल्या जागी लाल. मुलामा हाय ह्यो." केसासारख्या बारीक तारा, प्रत्येकीच्या तोंडाला तांब्याचा ठिपका. मी दोन-तीनदा भिंग हातात घेऊन बघितलं.

तरी खात्री करावी म्हणून त्यांनी कापलेला बोटभर तुकडा घेऊन विट्याला गेलो. बायकोचे चुलते, आम्ही अण्णा म्हणतो, गलाईवाले. तिकडच्या कितीतरी घरांसारखीच त्यांची हयात परमुलखात सोनं-चांदी गाळण्यात गेली, ते कोइमतूरला होते. अण्णांनी तारा पिळून एकत्र केल्या, कानशीनं घासल्या आणि काचेच्या कांडीनं तेजाबाचा एक थेंब सोडला. क्षणात हिरवा फेस. मग त्यांनी घरातल्या खऱ्या चांदीच्या तुकड्यावर तसाच थेंब सोडून दाखवला, तिथं दुधाळ पांढरं झालं, हिरवं काहीच नाही. अण्णा जास्त बोलत नाहीत. त्यांनी ते कार्ड मागितलं, गेज आणि लांबी बघून कागदावर गुणाकार केला आणि म्हणाले, पोरा, ही अख्खी खरी चांदी असती तरी सोळा-सतरा ग्रॅम भरली असती. दीड तोळा. पोरींच्या पैंजणात याच्याहून जास्त असते.

आता खरा विषय. भाचा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्सला आहे, त्याला सगळं सांगितलं. मी म्हटलं तांबं तर तांबं, पण आवाज तर सुधारला होता ना, मी माझ्या कानानं ऐकलाय. तो म्हणाला, मामा, व्हॉल्यूमला हात लावला नाही, तिथंच फसवलंय. बॅलन्स्डमध्ये ड्रायव्हरला, म्हणजे हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागाला, दोन्ही बाजूंनी उलट-सुलट सिग्नल ढकलतात, त्यामुळं बहुतेक अँपमध्ये बटण तिथंच ठेवलं तरी व्होल्टेज जवळजवळ दुप्पट मिळतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. आणि आवाज मोठा झाला की कानाला खर्ज आणि वरचा भाग जास्त भरलेला वाटतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ लाच मोजून ठेवलंय. म्हणजे मला ऐकू आलेली जवारी, श्वास, मोकळेपणा सगळं खरंच ऐकू आलं होतं, फक्त ते केबलमुळं नव्हतं, आवाज मोठा केल्यामुळं होतं, आणि नुसतं बटण फिरवलं असतं तर माझ्या जुन्या केबलवरही तेच मिळालं असतं, फुकटात. घरीही मी सात महिने बॅलन्स्डलाच ऐकत होतो म्हणून तो भास टिकला.

मग त्यानं मोजूनच दाखवलं. १,४०० रुपयांची साधी तांब्याची तीन मीटर केबल मागवली. मल्टिमीटरवर जाऊन-येऊन ०.६ ओहमच्या आसपास आली. हेडफोन ३०० ओहमचा, त्याच्यापुढं ०.६ म्हणजे आवाजात ०.०२ डेसिबलचासुद्धा फरक नाही. चांदी तांब्यापेक्षा वीज सहा टक्क्यांच्या आसपास जास्त चांगली वाहून नेते, म्हणजे त्या ०.६ मधले सहा टक्के वाचले असते! मग ५० हर्ट्झचा टोन लावून दोन्ही आउटपुटचं व्होल्टेज मल्टिमीटरनं सारखं करून घेतलं आणि बटणाभोवती पेन्सिलनं दोन खुणा केल्या, त्या दोन खुणांमध्ये चांगलं बोटभर अंतर पडलं. त्या पेन्सिलच्या खुणा मी अजून पुसलेल्या नाहीत.

दुरुस्त केलेली ती केबल आणि ही १,४०० ची, मी पाठ करून बसलो, केबल खांद्याला लागून कळू नये म्हणून त्यानं ती खुर्चीच्या पाठीला चिमट्यानं अडकवली आणि प्रत्येक वेळी दोन्ही काढून परत लावायचा, नाणं उडवून. सोळा वेळा. माझं नेहमीचंच रेकॉर्डिंग, ज्यातला प्रत्येक खोकला मला पाठ आहे. नऊ बरोबर आले. निदान बारा आले असते तर काहीतरी कळतंय म्हणता आलं असतं. मी जीव ओतून ऐकत होतो हो, आणि शेवटच्या चार वेळा मला अगदी पक्कं वाटलं होतं, त्यातले तीन चुकले. अमेरिकेत जेम्स रँडी नावाच्या जादूगारानं २००७ मध्ये महागड्या स्पीकर केबलचा फरक अशा चाचणीत ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देतो म्हणून सांगितलं होतं, ते बक्षीस कुणीच नेलं नाही हे भाच्यानं मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

केबलला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. शर्टाला घासली की कानात खसखस येते, पिना ढिल्या होतात, लांबी कमी-जास्त लागते, त्यासाठी बदलाच. अगदी कमी ओहमच्या, बऱ्याच ड्रायव्हरच्या इयरफोनला जास्त रेझिस्टन्सची वायर लावली तर आवाजात थोडा बदल मोजता येतो असंही भाचा म्हणाला. पण हजारो रुपये घालायचेच असतील तर आधी कानाच्या गाद्या बघा. माझ्या दबून चपट्या झाल्या होत्या, नव्या घातल्यावर जो फरक पडला तो बायकोलाही लगेच कळला.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला तुमची सिस्टिम तेवढी उघडी नाही सर, पुढचा डॅक घ्या मग कळेल. तेजाबाचा फोटो पाठवल्यावर ब्लॉक केलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय. बिल नाही म्हणून गप्प बसू नका. माझ्याकडं यूपीआयची नोंद आहे, प्युअर सिल्व्हर छापलेलं कार्ड आहे, आणि चॅटमध्ये त्यानं स्वतः टाईप केलंय, शंभर टक्के चांदी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, खरेदीपासून धरली तर आपली दोन वर्षं पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी भरतात.

त्या हॉलमध्ये जे होते त्यांच्यापैकी निदान चौघांनी केबल घेतलीय हे मला माहीत आहे. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असेल तर आपल्याला एकत्र तक्रार करता येते. केबल कापू नका, सोलू नका, कुणाला विकू तर मुळीच नका, कार्डासकट पाकिटात घालून ठेवा. बघायचंच असेल तर मला सांगा, विट्याला सोबत जाऊ, अण्णा एका कोपऱ्यातून कळेल न कळेल एवढंच घासून सांगतात. आणि ज्यानं माझ्या शब्दावर घेतली त्याला भेटून मी माफी मागितली आहे, त्याची तक्रार मीच लिहून देतोय.