कुत्र्याचा फुगलेला डोळा: वाचवायचा की काढायचा?

आधी एवढं ठरवा की डोळा एकदम बाहेर आलाय की हळूहळू मोठा होत गेलाय. उत्तर त्यावर अवलंबून आहे.

मारामारीत डोळा खोबणीबाहेर येणं हे पग, शित्झू, लासा यांच्या नशिबीच असतं. चपट्या तोंडामुळे खोबण उथळ. मानेची कातडी जोरात ओढली तरी डोळा निसटू शकतो. पापण्यांच्या कडा डोळ्याच्या मागे अडकतात, मागे सूज चढते आणि तो आपणहून आत जात नाही. बोटाने ढकलू नका. सलाइनने ओला ठेवा, पंजा लागू देऊ नका आणि तडक निघा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना उघडा डोळा वाळायला वेळ लागत नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. अवेळी जवळच्या खाजगी डॉक्टरांना फोन लावून ते भूल देऊन शस्त्रक्रिया करतात का, एवढंच विचारा.

अशा ताज्या केसमध्ये मी डोळा वाचवायच्या बाजूने आहे, अट एकच: तो फुटलेला नसावा आणि त्याला धरणारे बहुतेक स्नायू तुटलेले नसावेत. भूल देऊन डोळा आत बसवतात आणि पापण्या दोन-तीन आठवडे टाक्यांनी बंद ठेवतात. नजर मात्र बहुतेकदा परत येत नाही. डोळा बाहेरच्या बाजूला तिरका राहू शकतो, कोरडा पडला तर थेंब कायमचे मागे लागतात. फेऱ्याही जास्त.

डोळा काढला तर दहा-चौदा दिवसांत टाके निघतात आणि प्रकरण संपतं. शिवलेली रिकामी जागा बघून आपला जीव कासावीस होतो, कुत्र्याचा नाही. ते एका डोळ्यावर मजेत जगतं.

डोळा हळूहळू मोठा होत असेल तर काचबिंदूची शंका घ्या. आतला दाब वाढून डोळाच ताणला जातो: लाल पांढरा भाग, धुरकट बुबुळ, मोठी झालेली बाहुली. डोळा ताणून मोठा होईपर्यंत नजर बहुधा गेलेली असते, दुखणं मात्र चालूच राहतं. कुत्रं ओरडत नाही. जास्त झोपतं, डोक्याला हात लावू देत नाही, आणि आपण म्हणतो, म्हातारं झालं. लॅटानोप्रोस्टसारखे थेंब लवकर सुरू झाले तर उपयोगाचे. नजर गेलेला, ठणकणारा डोळा केवळ दिसायला बरा म्हणून ठेवणं मला पटत नाही. तो काढावा.

डोळ्याचा आकार तेवढाच, पण पुढे ढकलल्यासारखा दिसतो? मग गडबड मागे आहे. जांभई देताना किंवा खाताना तोंड उघडलं की कुत्रं किंचाळत असेल, तर मागे गळू असण्याची शक्यता मोठी. दाढेचं मूळ सडल्याने किंवा चघळलेल्या लाकडाची काडी घुसल्याने ते होतं. तोंडातून, शेवटच्या दाढेमागून पू काढतात, अँटिबायोटिक देतात आणि डोळा सहसा वाचतो. वयस्कर कुत्र्यात न दुखता महिनोन्‌महिने सरकत गेला असेल तर गाठ तपासावी लागते. दोन्ही डोळे एकदम, तेही तरुण गोल्डन रिट्रीव्हरचे, बाहेर आले तर स्नायूंची सूज असू शकते. त्यावर स्टेरॉइड चालतं, शस्त्रक्रियेची गरज नसते.

काचबिंदूने एक डोळा काढायचं ठरलं तर त्याच वेळी दुसऱ्याचाही दाब मोजून घ्या. आजार आनुवंशिक असेल तर तोही बहुधा त्याच वाटेने जातो, आणि त्याचे थेंब आधीपासून सुरू करता येतात.