एअरलेस पंपातले रेटिनॉल: काही महिन्यांच्या वापरानंतर

नऊशे रुपयांच्या, 30 ग्रॅमच्या रेटिनॉल क्रीमचा (रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांसाठी लावायचे अ जीवनसत्त्वाचे एक रूप) पंप गेल्या आठवड्यात नुसती हवा फेकू लागला. बाटली हाताला जड लागत होती, म्हणून ती कापून आतला ऐवज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला, तेव्हा पाच ग्रॅम क्रीम निघाले. म्हणजे दीडशे रुपये. कंपनीच्या ग्राहकसेवेने यावर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. महिनोन्‌महिने वापरलेल्या वस्तूचा असा व्हिडिओ कोणी जपून ठेवत असेल, असे मला वाटत नाही.

वास्तविक हे क्रीम मी पंप पाहूनच घेतले होते. रेटिनॉल हवेने आणि उजेडाने निकामी होते, आणि या पंपात नळी नसल्यामुळे, दाबल्यावर तळाची चकती वर सरकून क्रीम बाहेर येते, बाहेरची हवा आत शिरत नाही. त्याआधीचे व्हिटॅमिन सीचे सीरम ड्रॉपरच्या बाटलीत निम्मे संपण्याआधीच तपकिरी पडले होते. पण माझ्या बाटलीतली चकती वाटेतच तिरकी अडकली. बाटली उलटी धरून आपटली, तळाच्या छिद्रातून आगकाडीने चकती ढकलून पाहिली. ती हलली नाही.

क्रीमबद्दल मात्र तक्रार नाही. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले सुमारे 30 टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारे प्रथिन, कमी होते, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा अपेक्षा बेताचीच होती. आरंभी नाकाच्या कडेची साले निघाली. मग आधी मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढे क्रीम, आणि तेही एक रात्र सोडून, असा क्रम लावल्यावर त्रास थांबला. कपाळाचा खरखरीतपणा गेला, डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा फिकट झाल्या. नाकापासून ओठांपर्यंतच्या खोल घड्या जिथल्या तिथे आहेत. गालावरचा वांग आणखी गडद झाला नाही, याचे श्रेय मी सनस्क्रीनला देते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 903 जणांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सनस्क्रीन रोज लावण्यास सांगितलेल्या गटात त्वचेच्या वार्धक्याच्या खुणा 24 टक्के कमी आढळल्या होत्या. शिवाय सनस्क्रीनची ट्यूब कात्रीने कापून शेवटपर्यंत पुसून घेता येते, हा तिचा गुण कोणी सांगत नाही.

पंपावरचा राग थोडा आवरावा लागतो, कारण कापलेल्या बाटलीतले क्रीम अखेरपर्यंत पहिल्या दिवसासारखे फिकट पिवळेच होते. म्हणजे पंपाने राखण चोख केली, फक्त राखलेले परत देण्याचे नाकारले.

यापुढे डॉक्टरांनी लिहून दिलेले, एरवी मुरुमांसाठी वापरले जाणारे 0.1 टक्क्याचे अ‍ॅडापलीन, म्हणजे रेटिनॉलच्याच कुळातले औषध, लावणार आहे. ते उजेडात रेटिनॉलपेक्षा अधिक टिकते आणि मला मिळालेली ट्यूब अ‍ॅल्युमिनियमची आहे, जी दाबल्यावर पुन्हा फुगून हवा ओढत नाही आणि तळापासून गुंडाळत नेता येते.