राहायचं की निघायचं? सॉक्रेटिस आणि अ‍ॅरिस्टॉटल

शहर एकच, आरोपही जवळपास तोच: देवांची अवहेलना. इ.स.पूर्व ३९९ मध्ये अथेन्सने सत्तरीच्या सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. डेलॉस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परतेपर्यंत कुणाला मारायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे तुरुंगात त्याला बरेच दिवस मिळाले. एका पहाटे मित्र क्रिटो त्याला पळवून न्यायला आला. पहारेकरी ओळखीचा, पैशांची सोय झालेली, उत्तर ग्रीसमधल्या थेसलीत आसरा तयार. म्हातारा हलला नाही. ज्या कायद्यांच्या छायेत आईबापांचं लग्न झालं, मी वाढलो, मुलंबाळं झाली, ते आज माझ्यावर उलटले म्हणून मोडू? पटत नव्हते तर इतक्या वर्षांत कधीही शहर सोडता आलं असतं की!

अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पूर्व ३२३ मध्ये काढता पाय घेतला. त्याचा शिष्य, मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर वारला आणि मॅसिडोनियाविरोधी लाट उसळली. आरोपाला निमित्त काय, तर मित्र हर्मियासवर रचलेलं त्याचं गीत देवाच्या स्तोत्रासारखं वाटतं! अथेन्सला तत्त्वज्ञानाविरुद्ध दुसऱ्यांदा अपराध करू देणार नाही, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. युबिया बेटावरच्या खाल्किसला गेला, पुढच्याच वर्षी तिथे वारला.

पळपुटा म्हणावं? मला नाही वाटत. तो मूळचा स्तागिरा गावचा, अथेन्समध्ये उपरा; मताचा हक्क नाही, जमीन घेता येत नाही. शहरात राहिलो म्हणजे कायदे मान्य केले, या ज्या कराराला सॉक्रेटिस जागला, त्यावर याची सही कुठे होती? अर्थात सॉक्रेटिसने लगेच हटकलं असतं: तीसेक वर्षं राहिलास ना इथे?