महाद्वार रोडलगतच्या दुकानातील क्रोशाचे नमुने
कोल्हापुरातील महाद्वार रोडलगतच्या एका लहानशा लोकरीच्या दुकानात क्रोशाच्या कपड्यांचे छापील नमुने मिळतात. त्यांतील टॉप आणि श्रग हे दोन मी विणून पाहिले. टॉपच्या नमुन्यात छातीच्या मापाबरोबर तयार कपड्याचे मापही दिले आहे, आणि या दोहोंतील ५ ते १० सेंटिमीटरांच्या ढिलाईवरच कपडा नीट बसणार की गोणपाटासारखा लोंबणार हे ठरत असल्याने, ही नोंद नसलेला नमुना, चित्र कितीही देखणे असले तरी, घेऊ नये असे माझे मत आहे. १० सेंटिमीटरांच्या चौकोनात किती टाके व ओळी याव्यात, हेही त्यात स्पष्ट आहे. श्रगच्या नमुन्यात यांपैकी काहीच नाही.

मुक्या खांबांची (आखूड टाक्यांची) घट्ट वीण जाड होते, म्हणून कोल्हापूरच्या उन्हाळ्यासाठी खांब (उंच टाके) आणि साखळ्यांची जाळीदार वीण व बारीक सुती दोरा निवडावा. सुती कपडा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, त्यामुळे लांबी थोडी कमीच ठेवावी. दुकानातील काकू सुईचा क्रमांक आपणहून सुचवतात (हे हल्ली दुर्मीळच), परंतु त्याच लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला) दोरा पुन्हा मिळेलच असे नाही, तेव्हा लागेल तेवढा एकदमच घ्यावा.