रिसर्च की रिसोर्स? अर्जात कोणता शब्द घालायचा

ॲडमिशनचे आणि नोकरीचे अर्ज सुरू झाले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांतून बायोडेटे माझ्याकडे तपासायला येतात. त्यात ही ओळ हमखास सापडते: ‘स्पेशलायझेशन इन ह्युमन रिसर्च’. मुलानं एमबीए केलंय एचआरमध्ये, त्याला म्हणायचंय ह्युमन रिसोर्स. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, हा माणसांवर प्रयोग करून आलाय!

फरक क्रियापदात पकडा. रिसर्च करतात, रिसोर्स वापरतात. वाक्यात ‘केला’ बसत असेल तर पहिला शब्द, ‘वापरला’ किंवा ‘हाताशी होता’ बसत असेल तर दुसरा. म्हणून वेळ, पैसा, माणसं, पाणी, लायब्ररी हे सगळे रिसोर्सेस. प्रश्न घेऊन माहिती गोळा करणं, ताडून पाहणं, निष्कर्ष काढणं हा रिसर्च.

आपल्या बडोद्यातच याचं फार चांगलं उदाहरण आहे. सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. पोथ्या नुसत्या जपून ठेवलेल्या असतात तेव्हा त्या रिसोर्स. इथल्या विद्वानांनी वाल्मीकि रामायणाच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवल्या, श्लोकागणिक पाठभेद टिपले, कुठला पाठ जुना असावा ते ठरवलं. हे काम म्हणजे रिसर्च. त्यातून १९६० ते १९७५ या काळात चिकित्सक आवृत्तीचे सात खंड निघाले, एका कांडाला एक. आता एखादी विद्यार्थिनी अयोध्याकांडावर प्रबंध लिहायला तोच खंड उघडते, तेव्हा तिच्यासाठी तो खंड रिसोर्स. म्हणजे वस्तूवर कायमचं लेबल नसतं, तुम्ही तिच्याशी काय करताय ते बघायचं. प्रबंधात या दोन गोष्टींची प्रकरणं वेगळी ठेवा, गाइड निम्मे प्रश्न विचारणारच नाहीत.

व्याकरणात दोघांचं वागणं अगदी वेगळं आहे आणि मार्क जातात ते इथे. रिसर्च मोजता येत नाही. ‘आय हॅव डन टू रिसर्चेस’ किंवा ‘अ रिसर्च’ लिहू नका. ‘टू रिसर्च प्रोजेक्ट्स’ किंवा ‘टू स्टडीज’ लिहा. (जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘रिसर्चेस’ दिसतं, पण त्याचा दाखला परीक्षकाला देत बसू नये.) रिसोर्स खुशाल मोजा: एक रिसोर्स, पाच रिसोर्सेस. रिसर्च क्रियापद म्हणूनही सहज चालतो, ‘आय रिसर्च्ड द टॉपिक’. ‘रिसोर्स्ड द टॉपिक’ मात्र नाही, कारण क्रियापद म्हणून त्याचा अर्थ पैसा-माणसं पुरवणं असा होतो.

रिसर्चर म्हणजे संशोधक. रिसोर्स पर्सन म्हणजे कार्यशाळेत बोलायला, शिकवायला बोलावलेली जाणकार व्यक्ती. तुम्ही समोर बसून चहा-नाश्ता करून सर्टिफिकेट आणलं असेल तर तुम्ही पार्टिसिपंट, रिसोर्स पर्सन नव्हे. ही चूक मुलाखतीत लगेच उघडी पडते. ‘रिसोर्सफुल’ हे विशेषण बायोडेट्यात घालायला हरकत नाही. त्याचा अर्थ हिकमती, अडचणीतून वाट काढणारा. रिसर्च भरपूर केलाय असा अर्थ त्यात नाही.

संक्षिप्त नावांतल्या ‘आर’वर भरवसा ठेवू नका. इस्रोतला आर रिसर्चचा, मकरपुऱ्याच्या एर्डातलाही (इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन) रिसर्चचाच. एचआर आणि कंपन्यांतलं ईआरपी (एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), तिथे रिसोर्स. शाळेतल्या बाई ज्या सीआरसीला जातात ते क्लस्टर रिसोर्स सेंटर.

मराठी प्रतिशब्दांनी गोंधळ मिटेल असं वाटतं, पण तिथेही संशोधन आणि संसाधन शेजारी-शेजारी उभे! त्यात आपली मुलं हिंदीही शिकतात. हिंदीत ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती. माझं मत विचाराल तर रिसोर्ससाठी मनात साधं ‘साधन’ धरा, संसाधन सरकारी कागदांना राहू दे.

काही मास्तर सांगतात की ‘री’ म्हणजे पुन्हा, म्हणून रिसर्च म्हणजे पुन्हा शोधणं. ऐकायला छान आहे, पण या शब्दातला ‘री’ मुळात जोर देण्यासाठी आहे, कसून शोधणं अशा अर्थानं. लक्षात ठेवायला त्यापेक्षा उरलेला तुकडा कामाचा: एकात सर्च, दुसऱ्यात सोर्स.

दोन्ही शब्दांची पहिली तीन इंग्रजी अक्षरं एकच, त्यामुळे मोबाइलवर टाइप करताना कीबोर्ड भलताच शब्द पुढे करतो. स्पेलिंग दोन्हींचं बरोबर, म्हणून खाली लाल रेघही उमटेलच असं नाही. अर्ज पाठवण्यापूर्वी कंट्रोल-एफ दाबून ती तीन अक्षरं शोधा आणि सापडेल त्या प्रत्येक ठिकाणी ‘केला की वापरला’ विचारा.