माकडतापाच्या नावावर माझे 43,050 रुपये गेले. काजू बागायतदारांनो, हे वाचा

राहायला मी शिरोड्याला, बाग बांद्याच्या बाजूला. पाच एकर काजू, बहुतेक वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. मार्चचा दुसरा आठवडा म्हणजे ऐन हंगाम, झाडाखाली बोंडांचा सडा. त्या शनिवारी सकाळी कामेरी बी वेचायला गेले आणि दहा मिनिटांत परत खोपीकडे आले. वहाळाच्या काठाला वानर मरून पडलं होतं. माकड मेलं की तिथल्या गोचिडी चावून माणसालाही होतो तो माकडताप. एक बाई म्हणाली, "भाऊनू, आता आमी तकडे जावचव नाय." तिला मी काय सांगणार? 2017 ला बांदा पंचक्रोशीत त्याची साथ आली तेव्हा माझा चुलतभाऊ बारा दिवस खाटेवर होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. त्या घरातली भीती मी पाहिली आहे.

मी लगेच आरोग्य केंद्रात फोन केला. शनिवारी दुपारी एकदा, रविवारी दोनदा. "माणूस पाठवतो" एवढंच उत्तर. हे आधीच सांगतोय, कारण पुढे सगळ्यांनी मलाच विचारलं की तुम्ही आधी कळवलं का नाही. कळवलं होतं. तीन वेळा.

सोमवारी साडेनऊला पांढरी गाडी आली. दोघे उतरले, निळी जाकिटं, गळ्यात ओळखपत्रं, हातात थर्माकोलचा डबा. पहिलं वाक्य, "तुमच्याकडून माकड मेल्याचा फोन आला होता ना?" आता सांगा, तीन फोन केलेल्या माणसाला याच्यावर संशय कसा यावा? वाडीच्या नाक्यावरच्या टपरीत चहा पीत बसून त्यांनी ही खबर उचलली होती, हे मला आठवड्याने कळलं.

त्यांना माहिती सगळी होती. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा सापडला, 2016 ला तो दोडामार्गात आला, गोचिडीमुळे पसरतो, डिसेंबर ते मे जोर असतो, सगळं घडाघडा. कागदावर हिशेब मांडला: मेलेल्या वानराची विल्हेवाट 2,500, बागेत फवारणी एकरी 3,200 प्रमाणे 16,000, आणि "बाग माकडताप-मुक्त" असं प्रमाणपत्र 1,500. लस माणशी 650. अकरा कामेरी, घरचे आम्ही चार, एकूण 9,750. वीस हजार मी फोनवरून पाठवले, लशीचे रोख दिले. रोख का, तर म्हणे लशीचा हिशेब वेगळ्या वहीत असतो.

आता तो क्षण. रोज रात्री तो माझ्या डोळ्यासमोर येतो.

आम्ही वहाळाकडे गेलो. वानर दोन दिवसांचं, वास सुटलेला, तोंड काळं आणि डोळ्यांवर माशा. त्या दोघांतला उंच माणूस पुढे झाला, त्याने ते शेपटीला धरून उचललं आणि खताच्या रिकाम्या गोणीत टाकलं. उघड्या हातांनी! मोजे नाहीत, पायात साधी चप्पल. मी जवळच होतो. कानाच्या कडेला चिकटलेल्या गोचिडी मला दिसत होत्या, आणि काही तर खाली काजूच्या पातेऱ्यावर चालत निघाल्या होत्या, मोहरीच्या दाण्याहून बारीक. ती बाई मागून हळूच म्हणाली, "भाऊनू, तेच्या हातात मोजे खय आसत?" मी तिला गप्प केलं. मी! 2017 ला आमच्याच वाडीत खरे कर्मचारी आले होते तेव्हा त्यांच्या अंगावर पूर्ण झगे, हातमोजे, गमबूट होते, आम्हाला त्यांनी लांब उभं केलं होतं आणि मेलेल्या माकडाच्या भोवती पन्नास मीटरपर्यंत पावडर टाकली होती. का, तेही समजावलं होतं: माकड मेलं की अंग थंड पडतं, गोचिडी अंग सोडून आसपास पसरतात, आणि तीच जागा माणसाला सगळ्यात धोक्याची. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी त्या बाईला म्हटलं, "त्यांका कळता काय करूचा ता."

आणि लस! 2017 च्या साथीनंतर मी स्वतः सरकारी लस घेतली होती. फुकट. एक डोस, महिन्याने दुसरा, पुढे सहा-नऊ महिन्यांत बूस्टर, नंतर दरवर्षी घ्यायला सांगितलं होतं. दंड असा ठणकायचा की कूस बदलता यायची नाही. यांनी एकाच डोसात काम संपवलं, आणि टोचलेलं कुणाला फारसं जाणवलंही नाही. मी विचारलंसुद्धा. तर म्हणे, "ती जुनी लस बंद झाली, ही नवीन सुधारलेली." यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच मी फसलो. जुनी लस पुरेसा परिणाम देत नाही म्हणून 2022 मध्ये बंद झाली. नव्या लशीचं काम चालू आहे, पण दारावर येऊन विकली जाईल अशी माकडतापाची कुठलीही लस नाही. कोणी "आहे" म्हणाला की त्याला गडग्याबाहेर काढा.

डब्यात बर्फ होता का, हे मी पाहिलं नाही. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं होतं, ते पाहिलं, पण बोललो नाही. आतलं औषध पिवळं होतं. एक बाटली त्यांच्याकडून खोपीत राहिली. ती मी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "बी-कॉम्प्लेक्स आहे हे. आम्ही गुरांना देतो."

फवारणी तर नुसतं फिनेल. वास माझ्या घरच्या मोरीसारखा, तेवढ्यावरूनही ओळखायला हवं होतं. बाग जंगलाला लागून, गुरं रोज रानात चरून येतात, त्यांच्या अंगावरून गोचिडी येतात. पाच एकर फवारून माकडताप जातो असं सांगणारा एकतर अडाणी किंवा चोर.

दोन दिवसांनी एका गड्याचा दंड सुजला, पू झाला. खाजगी दवाखान्यात चिरा द्यावा लागला, 4,300 रुपये. तेव्हा मी बागेत जाऊन शोधलं. गडग्याच्या कडेला टाकलेल्या सुया मिळाल्या. चार. टोचलं होतं पंधरा जणांना. त्या चार सुया तळहातावर घेऊन मी बसलो तेव्हा मला घाम फुटला. कारण टोचताना घाबरणाऱ्या बायकांचे दंड मी स्वतः धरले होते. सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, कावीळ आणि एचआयव्ही दोन्ही, माणशी 600 प्रमाणे 9,000. पहिल्या तपासण्या ठीक आहेत. तीन महिन्यांनी परत करायच्या आहेत.

कोणी टोचायला आलं तर सुई तुमच्या डोळ्यासमोर पाकीट फोडून काढली जाते का ते बघा. प्रत्येकाची. लाजू नका.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "तुम्ही राहता वेंगुर्ला तालुक्यात, बाग सावंतवाडीत, मग इथे का आलात?" दुसऱ्या ठाण्यात गेलो. तिथे म्हणाले, लस म्हणजे औषधाची बाब, औषध प्रशासनाकडे जा. त्यांच्याकडे गेलो तर प्रश्न आला, औषध माणसाचं की जनावराचं? मी म्हटलं, जनावराचं औषध माणसाला टोचलं. त्यांना माझा अर्ज कुठल्या टेबलावर ठेवावा तेच कळेना. फवारणीसाठी कृषी विभागाकडे जा म्हणाले. आरोग्य केंद्रात साहेब म्हणाले, "आमच्याकडून कोणी आलंच नव्हतं." बरोबर! तोच तर माझा मुद्दा आहे, साहेब. शनिवारपासून सोमवारपर्यंत तुमच्याकडून कोणी आलं नाही म्हणून ते आले.

आणि वनखात्याने तर कहर केला. ज्याने फसवलं तो पळाला, आणि नोटीस मला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता आहे, तो तुम्ही परस्पर का पुरू दिलात, पंचनामा का नाही केला. कायदा बरोबर असेल. पण दोन दिवस तो प्राणी माझ्या वहाळाला कुजत होता तेव्हा ही मालमत्ता कुणाला आठवली नाही. शिवाय नमुना घेतला गेला असता तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासून कळलं असतं की वानर माकडतापाने मेलं की आणखी कशाने. आता ते कधीच कळणार नाही. त्या जागेत बी वेचायची की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही.

फोनवरून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. मी सहा दिवसांनी केला, कारण लाज वाटत होती. तोपर्यंत त्या खात्यात काही शिल्लक नव्हतं.

मेलेलं वानर किंवा माकड दिसलं तर हात लावू नका, काठीनेही ढकलू नका, आरोग्य केंद्र आणि वनखातं दोघांना कळवा आणि वेळ लिहून ठेवा. रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम ताप चढला, डोकं आणि अंग मोडून आलं, तर डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा की मी रानात गेलो होतो, तिथे माकड मेलं होतं. सरकारी तपासणीला पैसे मागायला कोणी दारात येत नाही.

माझ्या अकरा कामेऱ्यांपैकी सात जण परत आले. ती मोज्यांबद्दल विचारणारी बाई आली नाही. मी तिच्या घरी गेलो होतो. तिने चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

काल कुडाळकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. पांढरी गाडी, निळी जाकिटं, एकाच्या उजव्या कानामागे भाजल्याचा डाग. त्याच्याकडे ते "दुसऱ्या डोस"साठी रविवारी येणार आहेत.